खडकाची तहान

धरण म्हटले की लोक भिंत पाहतात. माझी उमेदीची वर्षे तिच्या पायाखालच्या खडकात गेली. नाशिकला ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून आहे. त्यामुळे आमच्या गल्लीत तरी हे वेड समजून घेणारे भेटतात!

आपला काळा फत्तर दिसतो अभेद्य. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना त्याला पडलेल्या चिरा पाणी बरोबर हुडकते. म्हणून खडकात भोक पाडायचे, दाबाने पाणी सोडून तो किती पितो ते पाहायचे, मग सिमेंटची रबडी पाजायची. आधी पातळ, मागाहून घट्ट. दाब बेताचाच, नाहीतर खडकच उचलला जातो. भोकाच्या एका मीटरने १० बार दाबाखाली मिनिटाला १ लिटर पाणी घेतले, की झाला एक ल्युजॉन. स्विस भूशास्त्रज्ञाच्या या नावाला आमचा म्हातारा फोरमन खुशाल ‘लुगडे’ म्हणे.

एका धरणावर एक भोक पोत्यांमागून पोती गिळत होते. पाऊस तोंडावर आलेला, वरिष्ठ म्हणाले, “बुजवून टाका.”

“साहेब, हे अजून पितंय. आज सिमेंट पितंय, उद्या धरणाचं पाणी पिईल.”

फोरमन जागचा हलला नाही. पहाटे दाबाचा काटा चढला, तेव्हा कुठे त्याने बिडी पेटवली.