वतनावर पाणी सोडताना

मनाशी पक्के ठरवलेले काम माणूस वर्षानुवर्षे हाती घेत नाही, तेव्हा त्याला आळशी म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. परंतु हे निदान बहुतेक वेळा चुकते. आळशाला कामाची आठवणच नकोशी असते, तर ज्याला एखादी गोष्ट मनापासून करायची असूनही ती सुरू करता येत नाही, तो दिवसरात्र त्याच गोष्टीचा विचार करत असतो आणि ती आज का जमणार नाही याची कारणे जुळवण्यात इतका शिणतो, की तेवढ्या श्रमात कामाचा पहिला टप्पा सहज पार पडला असता. सबब ही त्याच्या दृष्टीने सोय नसून संरक्षण असते. जोवर प्रयत्न झालेला नाही, तोवर आपली कुवत किती हा प्रश्न उघडा राहतो, आणि उत्तर प्रतिकूल येईल या भीतीपुढे तो उघडा राहिलेलाच अनेकांना बरा वाटतो.

मानसशास्त्रात या वृत्तीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी संशोधकांनी 1978 मध्ये जी संकल्पना मांडली, तिला मराठीत ‘स्वयंनिर्मित अडथळा’ म्हणता येईल: संभाव्य अपयशाचे खापर फोडण्यासाठी माणूस आपल्याच वाटेत आधीपासून एखादी अडचण उभी करून ठेवतो. त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सुटणे अशक्य अशी कोडी देऊन, त्यांची उत्तरे काहीही आली तरी ‘उत्तम’ असे सांगण्यात आले, आणि पुढच्या चाचणीपूर्वी दोन औषधांपैकी एक निवडण्यास सांगितले गेले. त्यांपैकी एक औषध बुद्धीची कामगिरी मंदावणारे आहे, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. ज्यांना आपले यश कशामुळे आले हे कळले नव्हते, त्यांचा, विशेषतः पुरुष विद्यार्थ्यांचा, कल ते मंदावणारे औषध घेण्याकडे अधिक दिसला. नाचता येईना तर अंगण वाकडे, हे आपल्याकडे पूर्वापार माहीत होते. परंतु नाचायला उभे राहण्यापूर्वीच माणूस कुदळ घेऊन अंगण वाकडे करून ठेवतो, आणि तेही एकदा वाहवा मिळालेला माणूस, ही या प्रयोगाने घातलेली भर आहे. वाडीतल्या शाळेत पहिला आलेला आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गेलेला मुलगा अर्ज भरण्याची मुदत टळू देतो, तेव्हा त्याच्यावर कष्टचुकारपणाचा शिक्का मारण्यापूर्वी हे ध्यानात घेणे न्यायाचे ठरेल.

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ भागांच्या इतिहासात या प्रश्नाचा एक असा दाखला आहे, की ज्यात पणाला लागलेली गोष्ट परीक्षेच्या गुणांहून फार मोठी होती. सतराव्या शतकात हा प्रदेश मावळ म्हणून ओळखला जाई, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांची खोरी. प्रत्येक खोऱ्याचा कारभार वंशपरंपरागत देशमुख आणि देशपांडे पाहत, आणि त्या हक्काला व त्याबरोबरच्या उत्पन्नाला वतन म्हणत. वतन म्हणजे केवळ जमीन नव्हे; गावातला मान, मुलाबाळांचे भवितव्य आणि पूर्वजांचे नाव हे सर्व त्यात गुंतलेले असे. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांच्या घरी विजापूर दरबाराच्या बाजूने धमकीचा कागद आल्यावर वडील घाबरले, आणि त्यांना धीर देण्यासाठी शिवाजी महाराजांनी 1645 मध्ये लिहिलेले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, म्हणून त्यावर फार भार टाकणे योग्य नाही. मात्र तो कागद ज्या भीतीची साक्ष देतो, ती त्या काळच्या प्रत्येक वतनदाराच्या घरात होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अधिक भक्कम दाखला कान्होजी जेधे यांचा आहे. आजच्या भोर तालुक्यातील कारी गावचे हे देशमुख पूर्वी शहाजीराजांच्या सेवेत होते आणि त्यांनी बराच संसार पाहिलेला होता. अफजलखान स्वारीवर निघाला, तेव्हा जून 1659 मध्ये विजापूरच्या आदिलशहाचे फर्मान, म्हणजे बादशाही आज्ञापत्र, त्यांच्या नावाने आले: खानाला सामील व्हा, अन्यथा परिणाम भोगा. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. खोपड्यांना नंतरच्या काळाने फितूर ठरवले आणि त्यांना शिक्षाही कठोर झाली. तरीही त्या महिन्यात बसून हिशेब मांडला असता, तर तो त्यांच्याच बाजूने लागला असता, हे मान्य केले पाहिजे. एका बाजूला जुनी सल्तनत आणि वाईचा सुभा सांभाळल्यामुळे हा मुलूख ठाऊक असलेला सरदार, दुसऱ्या बाजूला तिशीही न गाठलेला जहागीरदाराचा मुलगा. मागे राहण्याची कारणे खोटी नव्हती, आणि माणसाला अडवून धरणारी कारणे बहुधा खोटी नसतातच.

जेधे घराण्याच्या करिन्यात, म्हणजे घराण्याची हकिकत सांगणाऱ्या जुन्या लेखात, पुढचा प्रसंग आला आहे. कान्होजी आपल्या पाच मुलांसह ते फर्मान घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी त्यांना गळ घातली नाही. उलट वतन जाईल, जिवावर बेतेल, खोपडे गेले तसे तुम्हीही जावे हे उत्तम, असाच त्या बोलण्याचा रोख आहे. त्यावर कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शब्दाची आठवण दिली आणि हातात पाणी घेऊन वतनावर उदक सोडले. उदक सोडणे म्हणजे पाण्याची धार सोडून एखाद्या वस्तूवरचा आपला हक्क विधिपूर्वक टाकणे. या कृतीचे मोल नुसत्या निष्ठेच्या भाषेत पुरते कळत नाही. जिच्या काळजीपोटी प्रत्येक सबब उभी राहणार होती, ती वस्तूच कान्होजींनी आधी हातावेगळी केली. वतन जाईल ही भीती ज्याने वतन सोडलेच आहे त्याला कशी घालणार? मन निःशंक झाल्यावर त्यांनी पाणी सोडले असे करिना म्हणत नाही, आणि तसे मानण्याचीही गरज नाही. शंका असतानाच ते सोडले गेले, आणि नंतर ते इतर देशमुखांना वळवण्याच्या कामाला लागले.

शंका फिटल्यावर कृती, हा क्रम प्रत्यक्षात उलटा चालतो, हे अल्बर्ट बांडुरा यांच्या संशोधनातूनही दिसून आले. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल या विश्वासाला त्यांनी 1977 मध्ये जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘स्वक्षमतेचा विश्वास’ असा होतो. हा विश्वास कोठून येतो, याची चार उगमस्थाने त्यांनी सांगितली: स्वतः केलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहणे, कुणी धीर देणे आणि शरीरमनाची त्या वेळची अवस्था, यांत पहिले सर्वांत बलवान. सापाची विलक्षण धास्ती असलेल्या प्रौढांवरील त्यांच्या प्रयोगांत, दुसऱ्याला साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा, मदतीने का होईना, स्वतः पायरीपायरीने सापाजवळ गेलेल्यांचा विश्वास अधिक वाढला. धीराची भाषणे आणि प्रेरणेची पुस्तके तिसऱ्या उगमात मोडतात. त्यांचा परिणाम पहिल्या ठेचेबरोबर ओसरतो, यात नवल नाही.

तोरण्याची हकिकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. वेल्ह्याच्या माथ्यावरचा, सुमारे 1400 मीटर उंचीचा हा किल्ला 1646 च्या सुमारास महाराजांच्या हाती आला. त्याची डागडुजी करताना द्रव्य सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्याच्या कामी आले, अशी परंपरा आहे. राजगड पुढे सुमारे पंचवीस वर्षे राजधानी राहिला. द्रव्य मिळेल असे धरून तोरणा कुणी घेतला नव्हता, आणि द्रव्य मिळाल्यावरच किल्ला घेऊ असे म्हटले असते, तर ते जमिनीखालीच राहिले असते. पैसा जमल्यावर, मुले मोठी झाल्यावर, वेळ मिळाल्यावर, अशा अटी घालून पुढे ढकललेल्या कामांत पुष्कळदा हीच चूक असते. जे साधन कामातूनच हाती यायचे, ते कामाआधी हवे असते.

याच खोऱ्यांतला भातकरी अनिश्चिततेशी दरवर्षी व्यवहार करतो. मे महिन्यात रोपाची जागा, जिला दाढ म्हणतात, ती शेण, पालापाचोळा आणि काटक्या पसरून भाजली जाते. मग पावसाचा थेंब नसताना कोरड्या, पिठासारख्या मातीत बी टाकले जाते. ही धूळवाफेची पेरणी. पाऊस वेळेवर लागला तर रोप लावणीला लवकर तयार होते. लांबला तर बी वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते. पावसाची खात्री झाल्यावर पेरू असे म्हणणाऱ्याला चिखलात पेरणी करता येते, पण हंगामाचे दिवस त्याच्या हातून गेलेले असतात. धूळवाफ करणाऱ्यालाही ढगांची काळजी असतेच, मात्र ती काळजी त्याचा हात धरत नाही, कारण दुबार पेरणीपुरते बी त्याने कणगीत राखलेले असते. गेलेले बी भरून काढता येईल इतक्या बेताने पहिले पाऊल टाकणे, हे त्याचे शहाणपण स्वतःसाठी मोठे काही योजणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. प्रत्येक अडचणीला सबब म्हणणे हा दुसऱ्याच्या कष्टांवर केलेला अन्याय असतो. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांखाली इथल्याच जमिनी गेल्या, आणि त्यांतले बरेचसे पाणी पुणे शहराकडे किंवा खालच्या बागायतीकडे वाहते. पावसाळ्यात दरड कोसळून घाटरस्ते बंद पडतात, आणि वस्तीवरच्या मुलीला महाविद्यालय गाठण्यासाठी एसटीच्या मोजक्या फेऱ्यांवर दिवस बेतावा लागतो. तिने शिक्षण सोडले तर दोष तिच्या निर्धाराचा नव्हे, आणि तिला आत्मविश्वासाचे धडे देणे निर्दयपणाचे आहे. तिला एसटी हवी. खरी अडचण आणि सबब यांतला फरक बाहेरून ओळखणे कठीण असले, तरी ज्याचे त्याला तो कळू शकतो: अडचण दूर झाली की माणूस कामाला लागतो, सबब दूर झाली की तिच्या जागी दुसरी येऊन बसते. घरात जागा नाही म्हणून न लिहिणाऱ्याला खोली मिळाली की गोंगाट आठवतो, गोंगाट थांबला की प्रकृती. हा बदल एकदा लक्षात आला, म्हणजे पुढची सबब दूर करण्यात वेळ घालवण्याचे कारण उरत नाही. त्या सबबीसकट कामाला बसता येते.

10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखान मारला गेला आणि कान्होजींचे वतन राहिले. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे पहिल्या मानकऱ्याचा, मान जेध्यांना होता. पुढच्याच वर्षी, जुलै 1660 मध्ये, घोडखिंडीत हिरडस मावळचे बांदल लढले, बाजीप्रभू देशपांडे आणि कित्येक बांदल पडले, तेव्हा तो मान बांदलांना देण्याचे ठरले आणि जेध्यांनी तो त्यांना दिला.