मर्सिडीज, मामा आणि अमरावती-अकोला हायवे

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीममधले सगळे लोणावळ्याचे नाही तर अलिबागचे प्लॅन करत होते. मी मात्र अमरावतीला निघाले होते. तेही मे महिन्यात! ‘वेडी आहेस का?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारून झाला. कारण कळल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे बदलले. मी मर्सिडीज बघायला चालले होते. एक नाही, दोन!

सेकंडहॅण्ड हं. उगाच गैरसमज नको.

अमरावती माझं माहेर. आई तिथेच राहते. गेल्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दर दोन महिन्यांनी तिला नागपूरला दाखवायला न्यावं लागतं. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. महिन्यातले दहा दिवस मी तिथूनच काम करते, म्हणून गाडी घ्यायची ठरली. एखादी शहाणी मुलगी साधी, उंच, दणकट गाडी घेऊन मोकळी झाली असती. पण पाच वर्षं पैसे साठवताना माझ्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर जी होती, ती मर्सिडीजची सीएलए! आता नाही तर कधी?

४५ की २००?

कूपे म्हणजे मुळात दोन दारांची, मागे उतरत्या छपराची गाडी. सीएलएला दारं चार, पण छप्पर तसंच उतरतं. म्हणून मर्सिडीज तिला ‘चार दारांची कूपे’ म्हणते. भारतात तिचे दोन अवतार आले. आधी जुलै २०१४ मध्ये सीएलए ४५ एएमजी. इंजिन दोन लिटरचं, पण ताकद ३६० हॉर्सपॉवर, आणि शून्य ते शंभर ४.६ सेकंदांत. मग जानेवारी २०१५ मध्ये साधी सीएलए २००. पेट्रोल इंजिन तेवढ्याच लिटरचं, ताकद १८३ हॉर्सपॉवर, आणि शंभर गाठायला आठेक सेकंद. नवी असताना एएमजीची एक्स-शोरूम किंमत ६८ लाखांच्या वर होती. २०० साधारण ३५ लाखांना मिळायची. म्हणजे जवळजवळ निम्मी.

आणि आता? अकोल्याच्या एका डॉक्टरांची २०० चौदा लाखांना होती, अमरावतीच्या एका डीलरकडची ४५ बावीस लाखांना. तेहतीस लाखांचा फरक आठ लाखांवर आलेला! आठच लाख जास्त टाकले की जवळजवळ दुप्पट ताकद. कुणाचं मन डळमळणार नाही?

सल्लागार म्हणून मामाला बोलावलं. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. अकोला-अमरावती रोड त्याला हाताच्या रेषांसारखा पाठ. अकोल्याहून आदल्या रात्रीच येऊन थांबला होता. किंमत ऐकून म्हणाला, “काऊन वं बाई, एवढ्या पैशात त वावर येते!”

सकाळी साडेसहा, बडनेरा रोड

दुपारी टेस्ट ड्राइव्ह म्हणजे आत्महत्या, म्हणून सकाळीच निघालो. पुढे मी आणि डीलरचा माणूस, मागे मामा. उतरत्या छपरामुळे त्याची टोपी छताला टेकलेली.

बटण दाबलं आणि गाडी गुरगुरली. हो, गुरगुरलीच! बडनेरा मागे पडलं, रोड मोकळा झाला आणि मी पाय दाबला. पुढचं सांगायला शब्द नाहीत. पाठ सीटला चिकटली आणि गिअर बदलताना मागून फट्-फट् आवाज आला. मी लहान मुलीसारखी हसत होते. मीटरकडे बघितलं तर काटा शंभरावर. आणि चौपदरी नॅशनल हायवेवर कारला मर्यादा शंभराचीच! म्हणजे बावीस लाखांची मजा जेमतेम पाच सेकंदांत संपली होती.

“आता थांबव बरं,” मागून मामा.

“आवडली नाही का, मामा?”

“पयते त सगय्याच. थांबते कोनती थे पाय.”

ब्रेक मारला. गाडी थांबली, पण स्टिअरिंग हातात थरथरलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मामा मागे बसूनच म्हणाला, “डिस्क गेल्या हिच्या.” डीलरच्या माणसाने विषय सनरूफवर नेला. सर्व्हिसची कागदं मागितली तर दोन वर्षांची गायब. उतरून टायर बघितले तर पुढचे एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. ४५ ही चारही चाकांना ताकद पोचवणारी गाडी. तिच्यात अशी खिचडी चालत नाही.

गावात शिरताना स्पीडब्रेकरवर पोट घासलं ते वेगळंच. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावरचे रोड काही वर्षांत लाटांसारखे होतात. ४५ च्या कडक सस्पेन्शनमधून प्रत्येक लाट कमरेला जाणवत होती. मला आईची कंबर आठवली...

मर्सिडीज ते लालपरी

दोन मर्सिडीजच्या मधला प्रवास कशाने केला असेल? एसटीने! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मामाने खिडकीची जागा मला दिली आणि त्याची कॉमेंट्री सुरू झाली.

हाच तो रोड, ज्याचं नाव गिनीज बुकात आहे. ३ जून २०२२ ला सकाळी लोणीपासून काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी माना गावाजवळ संपलं. सलग ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण, १०५ तास ३३ मिनिटांत! राबणारे हात ७२०. त्याआधीचा रेकॉर्ड कतारमधल्या दोह्याचा होता, सुमारे २५ किलोमीटरचा. आणि हा तोच रोड, ज्याचं काम त्याआधी कित्येक वर्षं रखडलेलं होतं. मामाची सगळी नोकरी त्याच्या खड्ड्यांतून गेली. रोड चकाचक झाला तेव्हा तो रिटायर झालेला. “आमच्या टायमाले असता त पाठ तरी वाचली असती,” एवढंच म्हणाला.

मूर्तिजापूर आलं. इथून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ सुटायची. ती इतकी रमतगमत जायची की तिच्यावर विनोद व्हायचे. आता तीही बंद आहे. पण आजही तिचं नाव निघालं की इथली माणसं हसतात आणि मग गप्प होतात. वेगासाठी नाही, तिने घरी पोचवलं म्हणून लोकांना ती आठवते.

अकोला, दुपारचे बारा

मे २०२४ मध्ये अकोल्यात ऊन असं तापलं होतं की प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं. अशा गावात गाडीचा एसी ही चैन नसते. डॉक्टरांची पांढरी २०० सावलीत उभी होती, एमएच ३० नंबरची. त्यांनी फाईल आणून दिली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तारखेनिशी लावलेली. एसीने पाच मिनिटांत गाडी गार केली.

मी बोरगाव मंजूपर्यंत नेली. धक्का नाही, गुरगुर नाही. पाय दाबला की ती जरा विचार करते, मग जाते. ब्रेक मारला की सरळ थांबते. खरं सांगू? मन थोडं खट्टूच झालं. सकाळचं ते हसू आलं नाही.

परतताना डॉक्टर मामाला म्हणाले, “तुम्ही चालवा ना, काका.” मामाने नाही-नाही म्हणत चप्पल काढून ठेवली आणि बसला. जन्मात ऑटोमॅटिक चालवलेली नाही. डावा पाय दोन वेळा क्लच शोधून आला. मग सत्तरच्या पुढे एकदाही न जाता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, त्याने गाडी अशी आणली की माझ्या मांडीवरच्या बाटलीतलं पाणी हललं नाही. उतरताना बॉनेटवर हलकेच थाप मारली. बोलला काहीच नाही.

हिशेब

संध्याकाळी नागपूरच्या वर्कशॉपला फोन लावला. एएमजीच्या चारही डिस्क, ब्रेकपॅड आणि एकसारखे चार टायर यांचा अंदाज ऐकून मी शांतपणे फोन ठेवला. माझ्या वर्षभराच्या ईएमआयएवढा आकडा होता तो. आणि गोष्ट इथेच तर आहे! सेकंडहॅण्ड बाजारात गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही. ४५ विकत घेताना बावीस लाखांची असते, पण वर्कशॉपमध्ये शिरली की पुन्हा अडुसष्ट लाखांची होते. शिवाय ती पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेली. २०० ची जुळणी मात्र २०१५ पासून चाकणला व्हायची.

४५ वाईट गाडी आहे असं मी म्हणणार नाही. तिची फाईल भरलेली असती, ब्रेक ठणठणीत असते, वर्कशॉप जवळ असतं आणि खात्यात तीन-चार लाख वेगळे पडलेले असते, तर मी आज दुसराच लेख लिहिला असता. चिखलदऱ्याच्या घाटाच्या वळणांवर ती कशी पळाली असती, हा विचार अजून रात्री येतो. पण माझं अंतर घर ते दवाखाना आहे, आणि शेजारच्या सीटवर आई आहे.

२०० घेतली. नागपूरला तपासून, साडेतेरा लाखांना. पहिल्या दिवशी आईला अंबादेवीला नेलं. सीट खाली, म्हणून बसताना ती कुरकुरली. मग सीट मागे केली, उशी दिली. देवळातून निघून गिला वडा खाल्ला. घरी परतताना बघते तर आई झोपलेली! ऑपरेशननंतर गाडीत तिला पहिल्यांदाच झोप लागली होती.

मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मंग जमली गाडी.”

घ्यायचीये? मग एवढं बघाच

• सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत का? मधली वर्षं गायब असतील तर भाव करू नका, निघून या.
• टोकन देण्याआधी गाडी वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घ्या. तपासणीचे पैसे वाया जात नाहीत.
• इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. डीलरने आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी जा.
• मोकळ्या रोडवर जोरात ब्रेक मारून बघा. स्टिअरिंग थरथरलं तर कारण विचारा.
• चारही टायर एकसारखे हवेत, ऑलव्हील ड्राइव्हमध्ये तर नक्कीच.
• पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. किती ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालतं, ते तिथे लिहिलेलं असतं.
• चलन आणि कर्जाचा बोजा तपासा. ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला ३५.
• घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मागे बसवून एक चक्कर मारा. खरा रिव्ह्यू तिथूनच मिळतो!