माणसं मोजणारा किनारा

मोंबासाहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की किलिफीची खाडी लागते. पुलावर गाडी चढते आणि श्वासच अडकतो. उजव्या हाताला हिंदी महासागर, डाव्या हाताला जमिनीत खोलवर शिरलेली खाडी, आणि काय तो पाण्याचा निळा रंग! आपल्या कोकणातल्या खाड्या पावसाळ्यात तांबूस आणि एरवी हिरवट-करड्या. इथे तळाची पांढरी रेती खालून उजेड वर फेकते आणि सगळी खाडी पेटल्यासारखी दिसते. काठाला माड, माडांच्या मागे आंबा, आंब्याच्या मागे काजू. क्षणभर वाटलं, मालवणच आलं. तेवढ्यात वळणावर गोरखचिंच दिसली. आपल्याकडे मुंबई-वसईच्या बाजूला एखादी दिसली तरी लोक थांबून बघतात. इथे तर त्यांच्या रांगाच आहेत! बुंध्याला कवेत घ्यायला दहा माणसं कमी पडावीत. पानं झडलेली, फांद्या आभाळात रुतलेल्या.

सकाळी बाजारात शिरले. लाल, पिवळे, जांभळे लेसो नेसलेल्या बायका, आणि प्रत्येकीच्या लेसोवर स्वाहिलीतलं एखादं वचन छापलेलं. डोक्यावर पिवळे पाण्याचे कॅन, पाठीला बांधलेली बाळं, आणि चाल अशी की कॅनमधला थेंब हलत नाही. टपरीवर गरम महाम्री मिळते. वेलदोड्याच्या वासाची, टम्म फुगलेली. तिच्यासोबत नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. तूर आपली रोजची, नारळ आपला रोजचा, पण दोघांची अशी भेट मी कधी चाखली नव्हती. मी दोनदा मागून घेतलं.

पण मी किलिफीला गेले होते ती माणसांची मोजणी पाहायला. केनियातलं आरोग्य संशोधन म्हटलं की या गावाचं नाव येतं. केमरी ही त्या देशाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांचं केंद्र १९८९ पासून इथे आहे. केव्हिन मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात ते उभं केलं. लहानशा गावातल्या सरकारी दवाखान्याला लागून, बोगनवेलीच्या सावलीत, जगभर वाचले जाणारे अभ्यास होतात हे मला आधी खरंच वाटत नव्हतं.

आणि ते काम सुरू होतं माणसाच्या अंगणात. आम्ही तांबड्या वाटेने आत शिरतो. काजूच्या झाडांखाली कोंबड्या, मक्याचं छोटं शेत, आणि मधोमध मोकळं, झाडून लख्ख केलेलं अंगण. भोवती चार-पाच घरं, मातीच्या भिंतींची, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली. हा गिरियामा लोकांचा मुडझी. आजोबा, त्यांच्या बायका, मुलगे, सुना, नातवंडं, सगळा गोतावळा एकाच अंगणाभोवती. एक म्हातारी अजून जुन्या पद्धतीचा, कंबरेभोवती भरगच्च चुण्यांचा पांढरा हांडो नेसून बसलेली. आमच्यासोबतचा तरुण कार्यकर्ता याच भागातला. तो आधी हात मिळवतो, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारतो, मक्याची, शेळीची, पावसाची. मग लाकडी स्टुलावर बसून विचारतो: घरात कोण जन्मलं? कोण वारलं? कोण लग्न होऊन आलं, कोण मोंबासाला कामाला गेलं? म्हातारी बोटांवर मोजत सांगते आहे. सून मध्येच दुरुस्त करते. हास्याचा फवारा उडतो. तो टॅबवर टिपत जातो.

असं किती घरांत? ऐकून मी थक्क झाले. २००० सालापासून सुमारे ९०० चौरस किलोमीटरचा मुलूख हे लोक असा घरोघर फिरून नोंदवत आले आहेत. मुंबई शहर आणि उपनगर हे आपले दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी हा पट्टा त्यांच्या जवळजवळ दीडपट भरेल. त्यात पावणेतीन-तीन लाख माणसं, आणि प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद. एखादं तापाने फणफणलेलं मूल रुग्णालयात आलं की त्याचं गाव, आईचं नाव, अंगण यांवरून त्याची ओळख पटते. मग कळतं की हा आजार कोणत्या वस्तीतून येतो, वाढतो आहे की घटतो आहे, लस आल्यावर काय बदललं. मला आपलं वढू बुद्रुक आठवलं. संभाजीमहाराजांची समाधी म्हणून आपण तिथे जातो. तिथेच पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांची अशीच नोंद ठेवत आलं आहे. एवढ्या दूर आल्यावर मला आपल्या घराजवळच्या कामाचं मोल कळलं.

अशा मोजणीतून काय निघतं? मच्छरदाणीचंच घ्या. आज ती आपल्याला साधी गोष्ट वाटते. १९९०च्या दशकात किलिफीत मोठा अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांना कीटकनाशकात बुडवलेल्या मच्छरदाण्या आधी दिल्या, उरलेल्यांना नंतर, आणि लहान मुलांचे मृत्यू मोजले. १९९६ साली निष्कर्ष छापून आले: मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले होते. एका जाळीने! आफ्रिकेतल्या अशाच आणखी काही अभ्यासांसोबत या पुराव्यामुळे मच्छरदाण्यांचं वाटप हे सरकारांचं काम झालं.

दुसरी गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. खूप ताप, हातपाय गार, रक्ताभिसरण कोलमडलेलं, अशा मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यायचं, हे जगभरचे डॉक्टर शिकत आले होते. श्रीमंत देशांत ते चालत होतं, म्हणून सगळीकडे चालेल असं धरलं जाई. इथल्याच संशोधक कॅथरीन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ६ रुग्णालयांत ३,१४१ मुलांवर हे तपासून पाहिलं. २०११ मध्ये उत्तर आलं आणि वैद्यकविश्व हादरलं. ज्यांना सलाइन भराभर चढवलं होतं, त्यांच्यात मृत्यू जास्त होते. दर शंभर मुलांमागे तीन अधिक! चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. इथली मुलं, इथला ताप, इथला रक्तक्षय यांचा विचार करून इथेच प्रश्न विचारला म्हणून हे सत्य सापडलं. परक्या पुस्तकावर विसंबून राहिलो असतो तर ते आजही दडून राहिलं असतं.

तिसरी गोष्ट आपल्या नंदुरबार-गडचिरोलीच्या वाचकांसाठी. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा एकच जनुक आईकडून किंवा बापाकडून मिळाला तर मूल आजारी पडत नाही, दोन्हीकडून मिळाला तर आयुष्यभर वेदना. हा जनुक माणसात टिकून का राहिला? किलिफीच्या मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून टॉम विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की एकच जनुक असलेल्या मुलाला गंभीर मलेरियापासून जवळजवळ ९० टक्के संरक्षण मिळतं. गोंड आणि भिल्ल पाड्यांवर जे दुखणं आपण पाहतो, तेच गिरियामा वस्तीत. दोन्हीकडे हिवतापाचा तोच जुना वेढा.

पण मला सगळ्यात भारून टाकलं ते वेगळ्याच अभ्यासाने. इथे संशोधनावरही संशोधन होतं! या किनाऱ्यावर वसाहतकाळापासून रक्त काढून नेणाऱ्यांच्या कथा फिरतात. गोऱ्यांच्या गाड्या येतात, माणसं उचलतात, रक्त विकतात. लुईस व्हाइट या इतिहासकार बाईंनी पूर्व आफ्रिकेतल्या या कथांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. अशा मुलखात बाळाच्या दंडातून रक्त काढायचं म्हणजे आईच्या पोटात गोळा येणारच. किलिफीतल्या समाजशास्त्रज्ञांनी त्या भीतीला अडाणीपणा म्हटलं नाही. ते ऐकत बसले. रक्त किती घेता? उरलेल्याचं काय करता? आम्हाला काय मिळणार? हे सगळे प्रश्न त्यांनी लिहून काढले. डॉर्कस कामुया यांनी तर लोकांच्या मूक नकाराचा अभ्यास केला. घरी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून बाई हो म्हणते आणि ठरलेल्या दिवशी शेतावर निघून जाते. आपल्याकडेही हे किती घडतं! त्या न बोललेल्या नकाराचा मान कसा राखायचा, यावर इथे शोधनिबंध लिहिले जातात. गावांनी स्वतः निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत आणि ते केंद्राच्या लोकांना समोर बसवून जाब विचारतात. आंब्याखाली भरलेली अशी बैठक मी पाहिली. एक बाई कंबरेवर हात ठेवून विचारते आहे, मागच्या अभ्यासातून काय निघालं ते आम्हाला कधी सांगणार? शास्त्रज्ञ उठून उभा राहतो आणि उत्तर देतो. आपल्या ग्रामसभेत अशी ठसक्यात विचारणारी बाई आणि असं उभं राहून उत्तर देणारा अधिकारी, दोघंही मला हवे आहेत.

असा शोध फक्त किलिफीतच चालतो असं नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला, युगांडाच्या सीमेवर, बुसिया आहे. तिथे मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी १९९८ पासून ७५ शाळांत मुलांना जंतांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. शाळेतली गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटली. पुढे त्या आकड्यांवर अभ्यासकांत कडाक्याचा वाद झाला, तोही जाहीरपणे. तरी त्यांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. मुलं मोठी झाली, कामधंद्याला दूरच्या शहरांत पांगली. वीस वर्षांनंतरही संशोधक त्यांना शोधून काढत होते, काय खातोस, किती कमावतोस हे विचारत होते. आपल्या शाळांत वर्षातून दोनदा मुलं जंताची गोळी चघळतात, तेव्हा तिच्यामागच्या जागतिक चर्चेत बुसियाचीही शाळा असते.

आणि आता पुण्याची गोष्ट. ऑक्सफर्डमध्ये घडलेली आर-२१ ही मलेरियाची लस बनवते पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. तिची मोठी चाचणी आफ्रिकेतल्या ४ देशांत ४,८०० मुलांवर झाली, आणि त्यातलं एक केंद्र हेच किलिफी! ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लशीची शिफारस केली. कुपी भरली गेली मुळा-मुठेकाठी, तिची पारख झाली या तांबड्या अंगणांत. ती लस गुणकारी आहे हे जगाला कळलं, कारण इथल्या आयांनी प्रश्न विचारले, खात्री करून घेतली आणि मग आपलं तान्हं बाळ पुढे केलं.

आपण दवाखान्यात औषध घेतो तेव्हा त्यामागे कुणाच्या तरी अंगणातली अशी खरी उत्तरं असतात. किलिफीच्या बायकांनी ती दिली आहेत आणि त्यांचा फायदा साऱ्या जगाने घेतला आहे. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी आशाताई किंवा पाहणी करणारी एखादी मुलगी वही घेऊन दारात आली, तर तिला बसायला द्या, पाणी विचारा. कशासाठी विचारतेस, कोण वाचणार, आम्हाला कधी सांगणार, हे सगळं बेधडक विचारा. पटलं नाही तर तोंडावर नाही म्हणा. पटलं तर मात्र खरं सांगा.