ओल्यात ओलं

जानेवारीत काशीला जलरंगाचं काम करायला बसलं की पहिल्यांदा घड्याळ निकामी होतं. पुण्यात उन्हाळ्यात आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा थर) टाकला तर ब्रश धुऊन होईतो वाळतो. गंगेकाठी सकाळच्या धुक्यात तोच वॉश तासभर ओला राहतो. पायऱ्या दवाने भिजलेल्या असतात, कापसाचा कागद हवेतलं पाणी ओढत बसतो. आधी आकाश, ते वाळलं की इमारती, त्या वाळल्या की सावल्या, हा शाळेपासून घोटून घेतलेला क्रम इथे चालत नाही. सगळं एकाच ओलीत उरकावं लागतं, आणि त्या ओलीत रंग कुठे जाऊन थांबेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मी बसतो तो अमृतराव घाट. दशाश्वमेधापासून दक्षिणेला निघालं की अहल्याबाई, मुन्शी, दरभंगा, राणामहाल, चौसट्टी, पांडे असे घाट ओलांडत इथे पोचता येतं. हल्ली लोक याला राजा घाट म्हणतात. शेजारचा नारद घाट. तिथे नवरा-बायकोने एकत्र स्नान केलं तर भांडण होतं अशी समजूत आहे. (एकट्या चित्रकाराने बिनधास्त बसावं.) दशाश्वमेधाची आरती आणि मणिकर्णिकेचा धूर इतक्यांनी रंगवलाय की तिथे बसलं की आधी दुसऱ्यांचीच चित्रं डोळ्यांपुढे येतात. इथे तसं काही नाही. सरळ उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, उंच भिंती आणि समोर पैलतीराची रेती. सूर्य त्या रेतीवरून वर येतो आणि थेट भिंतीवर पडतो.

अशाच एका सकाळी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून भिंतीचा वॉश टाकला होता. ही जोडी मुद्दाम घेतो. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून गोळा होतात. ते खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सिएना वेगळा पडतो. चुनारच्या दगडाचा रवाळपणा त्यातून आपोआप येतो, ब्रशने टिंबं देत बसावं लागत नाही. वॉशची चकाकी नुकती जायला लागली होती. जलरंगातली ही सगळ्यात धोक्याची वेळ: कागद ना ओला, ना कोरडा. नेमकं तेव्हाच वरच्या पायरीवर कुणीतरी नदीतून पिळून आणलेलं धोतर झटकलं, आणि चार-पाच थेंब माझ्या भिंतीवर येऊन पडले.

थेंबाने रंग बाजूला ढकलायला सुरुवात केली. मध्ये फिकट डाग, भोवती गडद, दातेरी कड. डाग वाढत वाढत रुपयाएवढा झाला आणि शेजारच्या डागाला भिडला. टिश्यू पेपर हातातच होता, टिपून घेतलं असतं तर भिंत वाचली असती. पण समोरच्या खऱ्या भिंतीकडे पाहिलं, तर तिच्यावरही तेच होतं. पुरात बुडून निघालेल्या दगडाचा खपल्या धरलेला, कुठे पांढुरका, कुठे काळवंडलेला पृष्ठभाग. मी इतका वेळ भिंतीचा उजेड रंगवत होतो. तिचं वय थेंबांनी आणलं. कागदाचा बोर्ड थोडा तिरका केला, दोन डाग खाली ओघळू दिले, तिसऱ्याची कड स्वच्छ ओल्या ब्रशने मऊ केली आणि हात काढून घेतला. मागे उभा असलेला म्हातारा नावाडी म्हणाला, "ई त अपने से बन गयल, गुरू!"

चित्र आपोआप बनलं, हे त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हाच आमचा धंदा आहे.

रंग कडेला का जमतो याचा शोध तसा अलीकडचा. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये 'नेचर' साप्ताहिकात कॉफीच्या डागावर लेख लिहिला. थेंब कडेला जास्त वेगाने सुकतो, ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना कण सोबत नेतं, म्हणून कड गडद होते. कप उचलल्यावर टेबलावर उरतं ते वर्तुळ आणि चित्रातल्या डागाची कड, या दोन्हींत कण कडेला नेतं ते वाहतं पाणीच. नियम ठाऊक झाला म्हणून डाग आज्ञेत आला, असं मात्र नाही. कागदाची खळ, हवेतली ओल, रंगाच्या कणांचा आकार, बोर्डाचा कल, ब्रशमधलं पाणी हे सगळं प्रत्येक वेळी निराळं असतं. आपल्या हातात असते ती तयारी. बोर्ड किती अंशांत ठेवायचा, कोणता रंग कोणाशेजारी सोडायचा, चकाकी असताना ब्रश लावायचा की ती गेल्यावर, एवढं आपण ठरवतो. विरजण लावणारी बाई दूध बेताचं कोमट करते, घोटते आणि मग भांडं हलवत नाही. पुढचं दह्याने बघायचं असतं. भांडं न हलवणं शिकायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

आपल्याकडे चित्रकलेची सुरुवात नेमकी याच्या उलट होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला बसलेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो सपाट रंगाचा. चौकोनात रंग एकसारखा बसला पाहिजे, पट्टा दिसता कामा नये, डाग तर मुळीच नाही. संकल्पचित्राला ते योग्यच आहे, नक्षीत डाग चालत नाही. पण तीच शिस्त निसर्गचित्राला लावली की मूल पाण्यालाच घाबरायला लागतं. पुढे हेच विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि पहिल्या ओघळाला टिश्यू उचलतात. हात सुंदर असतो, रेषा पक्की असते, फक्त कागदावर पाणी दिसलं की जीव घाबरा होतो.

पाण्याला आणि योगायोगाला वाट द्यायची, हा विचार काही माझा नाही. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कोझेन्सने 1785 च्या सुमारास एक पुस्तकच लिहिलं: कागदावर शाईचे धब्बे टाका, त्यात डोंगर-झाडं शोधा आणि तिथून निसर्गचित्र उभं करा. समकालीनांनी त्याची टिंगल केली. आपल्याकडे अवनींद्रनाथ टागोरांनी योकोयामा ताइकान या जपानी चित्रकाराला ओल्या ब्रशने चित्र भिजवताना पाहिलं आणि पुढे स्वतःचं अख्खं चित्रच पाण्यात बुडवून काढलं, असं सांगतात. रंग धुऊन जायला हवा होता. तो धूसर होऊन कागदात मुरला आणि बंगालच्या वॉश शैलीला तिचा स्वभाव मिळाला.

मराठी माणसाला जवळचं उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचं. जन्म नागपूरचा, 1924 चा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला. रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे पातळ थर द्यायचे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून उचलायचे आणि काय उरतं ते पाहायचं. कागद उचलल्यावर खाली काय दिसेल ते त्यांनाही आधी ठाऊक नसे. मात्र हे काम ते वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हासवरच करत. बाकी वेळ पाहण्यात जाई. योगायोगाची वाट धरणारा माणूस भराभर चित्रं काढत असणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशोब ध्यानात घ्यावा. योगायोग पुष्कळ घडतात, त्यातला ठेवण्यासारखा कोणता हे ओळखायला वेळ लागतो.

म्हणूनच हल्ली रीलवर दिसणाऱ्या क्लृप्त्यांचा मला कंटाळा येतो. ओल्या रंगावर मीठ टाका, तारे उमटतील. स्प्रे मारा, पाऊस पडेल. प्लॅस्टिक चिकटवा, खडक होईल. पहिल्यांदा मीठ टाकणाऱ्याला खरंच काहीतरी सापडलं होतं. हजाराव्या माणसाला तारे येणार हे आधीच ठाऊक असतं, आणि सगळ्यांच्या आकाशात तेच तारे येतात. ज्याचा निकाल माहीत आहे त्याला योगायोग म्हणणं ही फसवणूक आहे, मग त्याला कितीही लाइक मिळोत.

आणि मी ज्या दगडावर बसतो तोही काही कुणाच्या बेतात नव्हता. हा घाट ज्यांच्या नावाचा ते अमृतराव म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र. पुढे 1775 मध्ये रघुनाथरावांना औरस मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव, आणि अमृतराव बाजूला पडले. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि पुण्याचा कारभार अचानक अमृतरावांच्या हाती आला. त्यांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला. बाजीरावाने डिसेंबरअखेर वसईला इंग्रजांशी तह केला आणि काही महिन्यांत डाव उलटला. अमृतरावांनी इंग्रजांकडून सालीना 7 लाखांची नेमणूक पत्करली आणि ते काशीला आले. 1824 मध्ये वारले. इथल्या जुन्या घाटाचं दगडी बांधकाम, अमृतेश्वर आणि विनायकेश्वर ही देवळं त्यांच्या नावावर आहेत. पुण्यात राहिले असते तर हे त्यांनी बांधलं असतं, असं मला वाटत नाही.

पुढचं रंगकाम नदीने केलं. 1978 च्या सप्टेंबरात गंगा 73.901 मीटरपर्यंत चढली, वाराणसीतली आजवरची ती सर्वोच्च नोंद. धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. दर पावसाळ्यात नदी कमीअधिक वर येते, पायऱ्यांवर गाळ सोडते, मग पंप लावून तो धुतला जातो. भिंतींवर पाण्याच्या पट्ट्या राहतात: खाली काळपट, मध्ये मातकट, वर जुना पिवळसर दगड. चित्रकाराला टोनचे तीन टप्पे आयते मिळतात. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगात रंगवले. नदीची भिंत सपाट वॉशने होत नाही, हे त्यांची चित्रं पाहिली की कळतं.

त्या सकाळचं चित्र वाळायला दुपार झाली. उजवीकडची होडी मी नीट, मोजूनमापून काढली होती आणि तीच चित्रातली सगळ्यात कच्ची जागा निघाली. भिंतीला पुन्हा हात लावला नाही.

शाळांतल्या कलाशिक्षकांना एक विनंती आहे. सपाट रंग जरूर शिकवा, तो यायलाच हवा. पण आठवड्यातला एक तास असा ठेवा, ज्यात मुलांनी कागद पूर्ण भिजवायचा, दोन रंग सोडायचे, बोर्ड तिरका करून नुसतं पाहायचं आणि कुठे थांबायचं ते स्वतः ठरवायचं. त्या कागदांना गुण देऊ नका. खर्च पाण्याचा आणि थोड्या कागदाचा. कागद मात्र जरा जाड घ्या; पातळ ड्रॉइंगशीट भिजली की फुगते आणि मुलांना वाटतं, आपलंच चुकलं.