अण्णांची वही

आमच्या वडिलांना जमाखर्चाच्या वहीखेरीज आणखी एक वही लिहिण्याचा नाद होता. तीत रणजी करंडकाचे अंतिम सामने नोंदलेले असत. प्रत्येक संघापुढे तांबड्या शाईने आखलेले दोन रकाने. पहिला 'पोहोचले', दुसरा 'जिंकले'. जग विजयाचा आकडा आधी विचारते, अण्णांनी तो मागे ढकलला होता. लहानपणी आम्हांस हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटे. त्या उलट्या क्रमाच्या मुळाशी एका संघावरचा जीव आहे, हे पुष्कळ उशिरा ध्यानी आले. तो संघ म्हणजे इंदूरचा होळकर.

मुंबईचा हिशेब या वहीत सर्वांत सोपा. 2023-24 च्या हंगामापर्यंत ती 48 वेळा अंतिम सामन्यात पोहोचली आणि 42 वेळा जिंकली. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत तर सलग पंधरा वर्षे करंडक तिच्याच घरी होता. एवढ्या सुबत्तेच्या घरी पाहुण्याने काय बोलावे? अण्णाही त्या पानावर फारसे रेंगाळत नसत.

होळकरांचे पान मात्र ते मोठ्याने वाचीत. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात उतरला. चार वेळा जिंकला, सहा वेळा हरला. पहिल्याच खेपेस मुंबईने त्याच्यापुढे 867 धावांचे लक्ष्य ठेवले. त्या वेळी हिंदुस्थानात लष्करी नोकरीवर आलेल्या डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद 249 धावा काढल्या, तरीही संघ 374 धावांनी हरला. 1946-47 साली बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी एकाच भागीदारीत 577 धावा करून होळकरांच्या गोलंदाजांचा अक्षरशः अंत पाहिला. आणि लगेच पुढल्या वर्षी याच संघाने मुंबईला अंतिम सामन्यात धूळ चारली. मार खाऊन पुन्हा उंबरठ्यावर उभे राहणाऱ्यांची ही जात अण्णांना प्रिय होती. त्यातून सी. के. नायडू पडले जन्माने नागपूरचे, आणि चंदू सरवटे सागरचे. म्हणजे दोघेही आमच्या जुन्या मध्य प्रांतातले. मुश्ताक अली मात्र खास इंदूरचे. अण्णा त्यांचे नाव घेताना आवाज किंचित उतरवीत, जसा देवघरात उतरवावा.

येथे एक अडचण आहे. आम्ही रायपूरचे. तात्यापाऱ्यातले आमचे घर पिढ्यानपिढ्या जागचे हललेले नाही. प्रांत मात्र त्याच्या डोक्यावरून सरकत गेले. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. मग आम्ही भोपाळच्या मध्य प्रदेशात गेलो. 2000 साली छत्तीसगड झालो. होळकरांचे इंदूर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाले, संघाचे नाव तेवढे 1954-55 पर्यंत टिकले. म्हणजे आम्ही मध्य प्रदेशात दाखल झालो तेव्हा अण्णांचा लाडका संघ नकाशातून आणि करंडकातूनही नाहीसा झाला होता. ज्या संघाच्या राज्यात ते कधी राहिले नाहीत, त्याचा शोक त्यांनी जन्मभर केला. नाव गेले तर पोहोचल्याची पुण्याई कोणाच्या खाती जमा करावी, हा प्रश्न त्यांनी वहीत सोडवलेला नाही. होळकरांच्या पानापुढची दोन पाने कोरी आहेत.

1991 च्या मे महिन्यात वानखेडे मैदानावर मुंबई हरियाणाकडून दोन धावांनी हरली. दिलीप वेंगसरकर 139 धावांवर नाबाद राहिले आणि शेवटचा गडी धावबाद झाला. वेंगसरकरांच्या डोळ्यांतले पाणी साऱ्या देशाने पाहिले. अण्णांनी त्या दिवशी मुंबईच्या पानावर प्रथमच काही अधिक लिहिले : 'दोन धावा.' एवढेच. आमची भाची पुढे अमेरिकेत बफेलो येथे नोकरीला गेली, तेव्हा तिच्या पत्रांतून कळले की, त्याच वर्षी जानेवारीत तिच्या गावचा फुटबॉल संघ तिकडल्या सर्वोच्च सामन्यात, सुपर बोलमध्ये, एका गुणाने हरला होता. अखेरच्या क्षणी मारलेला चेंडू खांबाच्या उजवीकडून गेला. त्यानंतर तो संघ सलग तीन वर्षे पुन्हा तेथे पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. असे चार वेळा लागोपाठ पोहोचणे दुसऱ्या कोणत्याही संघाला साधलेले नाही. तरी तिकडे त्याची आठवण थट्टेनेच निघते, असे ती लिहिते. अण्णांनी त्यांना नक्की एक पान दिले असते. पत्र आले तेव्हा अण्णा नव्हते.

वही आता आमच्याकडे आहे. 1999 साली बंगळूरला चंद्रकांत पंडितांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरला. पहिल्या डावाची आघाडी हाती असूनही हरला. तेवीस वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच मैदानावर पंडितांनी शिकवलेल्या मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. त्या दुपारी आमच्या घरात दोन तट पडले होते. आमच्या पत्नीचे माहेर दादरचे, त्या मुंबईच्या. आम्ही कोणाचे? मध्य प्रदेश आता आमचे राज्य नव्हते. छत्तीसगडाचा स्वतःचा संघ 2016-17 पासून रणजीत उतरला होता, पण अंतिम सामन्याची वाट त्याला सापडली नव्हती. नागपूर म्हणावे, तर विदर्भाने 2017-18 चा पहिला करंडक जिंकला तोही इंदूरच्या होळकर मैदानावर, आणि त्यांचेही गुरुजी पंडितच! तरी विजयी धाव निघाली तेव्हा आम्ही खुर्चीवरून उठलो होतो, हे पत्नीने पाहिले.

संध्याकाळी नातवाने वही मागितली. मध्य प्रदेशापुढे 'जिंकले : 1' लिहून तो थबकला आणि म्हणाला, "आजोबा, होळकरांचे चार यातच मिळवायचे ना?" आम्ही म्हणालो, "आधी पोहोचल्याचे लिही." त्याने 'दोन' लिहिले, मग होळकरांचे पान उलटून मधली कोरी पाने मोजली. तांबडी शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.