मेणबत्त्यांचा भाव

अमुक साली लंडनमध्ये मेणबत्त्या काय भावाने मिळत, हे इंग्रजी कादंबरीकार जॉर्जेट हेयर वहीत टिपून ठेवायची. सौंदर्य, रंग, पोशाख, टोप्या, घरखर्च, किमती, दुकानं असे त्या वह्यांचे कप्पे होते. हे वाचलं आणि पुढचं पान उलटायचं राहूनच गेलं. हिच्या कादंबऱ्यांत घडतं काय? नाचाच्या दालनात एक उमराव एका मुलीकडे पाहून कंटाळल्यासारखी भुवई उंचावतो आणि तीनेकशे पानांनी दोघांचं लग्न ठरतं. त्या दालनातल्या मेणबत्त्यांचं बिल किती झालं, हे तिला विचारलं होतं कुणी? वाचकांनी नाही. नायकाने तर नाहीच. हेयरच्या नायकांना बिलं बघायची सवय नसते, त्यासाठी कारभारी असतो.

तरी भाव लिहिलेला आहे.

प्रेमकथा लिहिणाऱ्या माणसाबद्दल आपली एक ठरलेली समजूत असते. खिडकी, खिडकीबाहेर पाऊस, हातात पेन, नजर भलतीकडेच. बार्बरा कार्टलंडबाईंनी ही समजूत आयुष्यभर मन लावून जोपासली. गुलाबी कपडे घालून कोचावर पडायचं, कुत्रा जवळ घ्यायचा आणि सेक्रेटरीला कादंबरी सांगत सुटायचं. अशा सातशेवर कादंबऱ्या झाल्या. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र उलगडून दाखवलं, तेव्हा कित्येकांना ते रुचलं नाही. प्रेमात पडण्याचं तंत्र असतं हे लोक हसत मान्य करतात. ते लिहिण्याचं तंत्र असतं म्हटलं की कुणीतरी देवघरात चपला घालून आल्यासारखे बघतात. मला फडक्यांची ती शिस्त आवडते, त्यांच्या नायिका तितक्याशा नाही.

पण फडक्यांची पुस्तकं घरात उघड्यावर असायची. चंद्रकांत काकोडकरांची नाही.

माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची. दुपारी जेवणं उरकून बायका आडव्या झाल्या की लायब्ररीवाला यायचा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मासिकं आणि कादंबऱ्या, हातात एक लांबट वही. तो पुस्तकांची नावं सांगायचा नाही, लेखकांची सांगायचा. "ताई, नवा काकोडकर आलाय. परवा परत द्या हं, खालच्या मजल्यावर नंबर लागलाय." आत्या म्हणायची, "हळू बोला हो, मामंजी बाहेर बसलेत." मग तो आवाज न उतरवताच विचारायचा, "योगिनी जोगळेकर देऊ का मग?" जोगळेकर उघड घ्यायच्या, काकोडकर आतून. पुस्तकाला आधीच ब्राउन पेपरचं कव्हर असायचं, कारण आत्यासारख्या घराघरात होत्या आणि लायब्ररीवाल्याला धंदा कळत होता. समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असत. 'ही मरणार.' 'पान 112 पाहा.' 112 वर लिहिलेलं असायचं, 'फसलात ना?' शेवटच्या पानावर कुणीतरी निवाडा देऊन टाकलेला: 'शेवट बरा, मधला भाग रटाळ.' इतकं नेटकं परीक्षण मी पुढे साहित्यिक मासिकांतही क्वचितच वाचलं. आत्या ओट्यापाशी उभी राहून वाचायची. बसून वाचलं तर ते वाचन दिसतं. उभ्याने वाचलं तर कढीकडे लक्ष आहे असं वाटतं. कढी बऱ्याचदा उतू जायची. मामंजी बाहेरून विचारायचे, "काय करपलं गं?" आणि आत्या म्हणायची, "काही नाही, दूध."

या चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, श्यामा या तिघी. अंक विकला गेला, वाचला गेला आणि पुण्याच्या एका गृहस्थांनी अश्लीलतेची फिर्याद दाखल केली. भारतीय दंडसंहितेचं कलम 292. मॅजिस्ट्रेटने लेखकाला सोडून दिलं. फिर्याद पुढे गेली, हायकोर्टाने दोषी ठरवलं आणि दंड केला पंचवीस रुपये. शिवाय अंकाच्या उरलेल्या प्रती नष्ट करा म्हणून हुकूम. पंचवीस रुपये भरून माणूस मोकळा झाला असता. दिवाळी अंकाच्या मानधनातून तेवढे सहज गेले असते. पण काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. का गेले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पैशासाठी कुणी पंचवीस रुपये वाचवायला दिल्लीला जात नाही.

निकाल 1969 च्या ऑगस्टमध्ये लागला. तो मी वाचला आहे आणि तुम्हीही वाचा, असं सुचवेन. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी शांतपणे, कायद्याच्या कोरड्या भाषेत, नीला, वनिता आणि श्यामा यांच्याशी निशिकांतचं काय काय झालं ते सांगतात. चुंबन कुठे, मिठी कुठे, कुणी कुणाचा हात धरला, सगळं मुद्देनिहाय. मूळ कथा वाचताना ज्याला काही झालं नसेल त्याला हे वाचताना होईल. मग ते म्हणतात की देशादेशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे अश्लीलतेची कल्पना बदलते, आपल्या समाजाचे मापदंडही भराभर बदलत आहेत, आणि ही कथा सगळी मिळून वाचली तर अश्लील ठरत नाही. सुटका. पण जाता जाता कोर्टाने एक शेरा मारलाच. कथा फार उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेलही, तीत लेखकाची अपरिपक्वता आणि अपुरा अनुभव दिसत असेलही, असा त्याचा आशय. म्हणजे दंडातून सोडवलं आणि साहित्यातून काढून टाकलं. आत्याच्या पुस्तकातल्या 'मधला भाग रटाळ'वाल्याने निदान शेवट बरा म्हटला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'दो रास्ते' लागला. राजेश खन्ना, मुमताज, थिएटरवर रांगा. कथा काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरची. मामंजींनी तो सहकुटुंब पाहिला.

हेयरला कोर्टात कुणी ओढलं नाही. तिने घरीच स्वतःवर खटला भरला होता. पत्रांतून ती आपल्या पुस्तकांना बिनदिक्कत फालतू म्हणायची. पहिली कादंबरी 'द ब्लॅक मॉथ' तिने आजारातून उठणाऱ्या धाकट्या भावाची करमणूक म्हणून रचली. ती 1921 साली छापून आली तेव्हा ही एकोणीस वर्षांची. 1926 साली, इंग्लंडातल्या मोठ्या संपाच्या वर्षी, 'दीज ओल्ड शेड्स' आली. ना परीक्षणं, ना गाजावाजा, तरी 1,90,000 प्रती खपल्या. यातून हेयरने जो धडा घेतला तो आजच्या कुठल्याही प्रकाशकाला घेरी आणील: प्रसिद्धीची गरज नसते. आयुष्यभर मुलाखत दिली नाही. खाजगीत ती मिसेस रूजियर. हे आडनाव कित्येक वाचकांना कळलं ते 1974 साली, मृत्युलेख वाचून.

नवरा खाणींचा इंजिनियर, त्यामुळे लग्नानंतर ती टांगानिकात जाऊन राहिली. हत्तीगवताची झोपडी, चहूकडे रान. त्या झोपडीत बसून तिने 'द मास्करेडर्स' लिहिली, अठराव्या शतकातल्या लंडनची. पावडर लावलेले केसांचे टोप, पत्त्यांचे डाव, पुरुषाच्या वेशातली नायिका आणि बाईच्या वेशातला तिचा भाऊ. संदर्भाला पुस्तकं जवळ नव्हती. चरित्रकार तिच्यात एकच चूक काढतात, एका क्लबचं साल एका वर्षाने चुकलं ही. बाहेर रात्री जे काय ओरडत असेल ते ओरडत असेल, आत मात्र कुणीतरी लेसच्या बाह्या सावरत तपकिरीची डबी उघडतंय. मला प्रेरणा वगैरे शब्दांचा कंटाळा आहे, पण या झोपडीबद्दल वाचताना माझी पंचाईत होते.

पुढे तिने आपली पेठ ठरवून टाकली: 1811 ते 1820. वेड लागलेल्या तिसऱ्या जॉर्जच्या जागी त्याचा मुलगा कारभार पाहत होता, तो काळ. एवढ्या नऊ-दहा वर्षांत तिने अख्खा संसार मांडला. वेलिंग्टनची बोलण्याची ढब पकडता यावी म्हणून त्याच्या हातचं एक पत्र विकत घेतलं. 1937 च्या 'ॲन इन्फेमस आर्मी'त तिने वॉटर्लूची लढाई अशी लिहिली की सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ती वाचायला सुचवत. मध्ये प्रेमकथा आहेच, पण तोफा खऱ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात ती पिकॅडिलीजवळच्या ऑल्बनीमध्ये राहायला गेली आणि चोवीसेक वर्षं राहिली. एके काळी बायरन तिथेच राहत होता. तिच्या एखाद्या नायकाने भाड्याने जागा शोधली असती तर तीही तिथेच. संपत्ती, सिगरेटी, रात्री जागून लेखन, दिवसा कुणालाही न भेटणं. नवरा तोवर बॅरिस्टर झाला होता आणि तिच्या रहस्यकथांचे खून तो आखून द्यायचा. प्रेम तिचं तीच बघायची.

आता कार्टलंडबाई. 1950 साली एका वाचकाने हेयरला कळवलं की त्यांच्या कादंबऱ्यांत तुमचा माल दिसतोय. हेयरच्या 'फ्रायडेज चाइल्ड'मध्ये सर माँटेग्यू रेव्हस्बी आहे. कार्टलंडबाईंकडे सर माँटेग्यू रेव्हर्स्बी निघाला. मध्ये एक 'र' घातला की झालं. हेयरने वकिलासाठी उताऱ्यांवर उतारे लावून टिपण तयार केलं. चोरीपेक्षाही तिला झोंबलं ते चोराचं अज्ञान: शब्द उचलले, पण ते कधी, कुणी, कुणापुढे वापरायचे याचा पत्ता नाही. मेणबत्त्या नेल्या, भाव नेला नाही. प्रकरण कोर्टात गेलं नाही, माफीही आली नाही. उचलेगिरी मात्र थांबली.

हेयरचे दोषही सांगायला हवेत. तिच्या जगात गरीब माणूस बहुतेक करून विनोदापुरता येतो. 'द ग्रँड सोफी' सगळे डोक्यावर घेतात, पण त्यातल्या ज्यू सावकाराचं प्रकरण वाचवत नाही, आणि ते 1950 सालचं आहे, युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावरचं. काळच तसा होता, हे इथे चालत नाही.

चाहत्यांची पत्रं ती ठेवायची नाही. एक ठेवलं. रुमानियातल्या एका बाईचं, जी राजकीय कैदी म्हणून बारा वर्षं तुरुंगात होती. तिथे पुस्तक नाही, कागद नाही. तिने सोबतच्या बायकांना 'फ्रायडेज चाइल्ड' तोंडी सांगितली, पुन्हापुन्हा, आणि त्यावर त्यांनी डोकं ताळ्यावर ठेवलं. 'फ्रायडेज चाइल्ड' म्हणजे एक उडाणटप्पू तरुण रागाच्या भरात भेटेल त्या पहिल्या मुलीशी लग्न करतो, त्याची गोष्ट. कोठडीत ती सांगताना टोप्यांचे रंग गळले असतील का? मला वाटतं, तेच आधी आठवत असणार.

हेयरचं स्वतःचं स्वप्न निराळंच होतं. मध्ययुगावरची मोठी कादंबरी, पाचव्या हेन्रीचा भाऊ जॉन याच्यावरची. तीच आपली खरी कृती असं ती धरून चालली होती. पण इन्कम टॅक्सची मागणी आली की तो पसारा बाजूला सारून पुन्हा एक उमराव, पुन्हा एक मुलगी. वर्षानुवर्षं हेच. 'माय लॉर्ड जॉन' अर्धवटच राहिली, ती गेल्यावर 1975 साली छापली. मी ती वाचायला घेतली. माहिती ओतप्रोत आहे, आणि पानापानावर लेखिका पाठ ताठ करून बसली आहे. टॅक्सवाल्यांनी इंग्रजी वाचकांवर उपकारच केले, असं माझं स्पष्ट मत झालं.

तुम्हाला हेयर वाचायची असेल तर 'फ्रेडरिका'पासून सुरू करा, नंतर 'व्हेनेशिया'. जुन्या लायब्रऱ्या आता बंद पडताहेत आणि त्यांचे काकोडकर किलोने रद्दीत चाललेत. तुमच्या माळ्यावर 1962 चा 'रंभा' दिवाळी अंक निघाला तर तेवढा टाकू नका.