हळू आवाजासाठी खोली

वाळूजच्या माणसाचे कान दिवसभर राबतात. 1985 मध्ये इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने प्रेस शॉप, मशीन शॉप, फॅब्रिकेशनच्या शेड यांची एमआयडीसी पसरत गेली. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल धरतात. एवढा आवाज सोसून घरी आलेला माणूस हौसेनं होम थिएटर करायला निघतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो वॅटचा. किती वॅटचं बसवू? घर हादरलं पाहिजे! होम थिएटर बसवण्याच्या कामात मी जसजसा मुरत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं. अशी खोली मोठ्या आवाजासाठी नसतेच. मोठा आवाज उघड्या मैदानातही निघतो. चार भिंतींच्या आत एवढी मेहनत करायची ती हळू आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

बजाजनगर, सिडको महानगर, रांजणगाव इथली बरीच घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. थिएटरसाठी मिळते ती वरच्या मजल्यावरची दहा बाय बारा किंवा बारा बाय बारा. विटांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत टाइल्स, डोक्यावर स्लॅब. सामान येण्याआधी मी रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहतो आणि एक टाळी वाजवतो. टाळी संपते, पण समोरासमोरच्या भिंतींमध्ये तिची झणझण चालूच राहते. याच झणझणीत संवाद बुडतात. शब्दाचं शेवटचं अक्षर 'प' होतं की 'ट', तेच कळत नाही. मग घरचे आवाज वाढवतात, आवाजाबरोबर झणझणही वाढते, आणि अर्धा सिनेमा रिमोट हातात धरून बघावा लागतो.

हे कोडं जुनंच आहे. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या सभागृहात व्याख्यान समजेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणायच्या, सभागृहात मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असं त्याने रात्रीमागून रात्री केलं. खोली जितकी मोठी तितका आवाज रेंगाळतो, आणि शोषणारं सामान जितकं जास्त तितका तो लवकर विरतो, हे गणित त्यातून हाती आलं. आजही आम्ही त्याच गणितावर चालतो.

प्रत्येक खोलीला एकेका प्रकारचा आवाज मानवतो, हे समजायला आम्हाला लांब जावं लागत नाही. वेरूळचं दहावं लेणं, विश्वकर्मा, हे चैत्यगृह आहे. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. तिथे एक लांब स्वर लावला की तो वर चढतो, फिरतो आणि सावकाश उतरतो. संथ घोषासाठी याहून चांगली जागा सापडणार नाही. पण त्याच जागी दोन माणसं भराभर बोलू लागली, तर दहा पावलांवरच्या माणसाच्या कानी नुसता कालवा पडेल. सिनेमात कुजबुज असते, पावलं असतात, पाऊस असतो, दाराची कडी असते. त्यांना लवकर विरणारी खोली लागते, म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास आवाज मावळला पाहिजे.

भिंतीवर नेमकं कुठे काम करायचं ते शोधायला एक हातआरसा पुरतो. एकाने सोफ्यावर ठरलेल्या जागी बसायचं, दुसऱ्याने आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून हळूहळू पुढे सरकवायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथून त्याचा आवाज आपटून कानाशी येतो. तिथे पेन्सिलने खूण करायची. दोन्ही बाजूंच्या खुणा झाल्या की तिथेच काम करायचं. अख्खी खोली मढवायची गरज नसते. चांगलं म्हणजे चार इंच जाडीचं, कापडात बांधलेलं रॉकवूलचं पॅनेल, भिंतीपासून थोडं पुढे घेऊन. बजेट नसेल तर घरातली जाड वाकळ दुहेरी करून टांगा आणि पुढे सतरंजी अंथरा. तीक्ष्ण आवाज त्याने नक्की मवाळ होतो. जाड आवाज, म्हणजे बास, मात्र वाकळीला जुमानत नाही.

जाड आवाजाचं दुखणं खोलीच्या मापातच असतं. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 47 हर्ट्झची अर्धी लाट बरोब्बर बसते. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तोच सूर साचतो. कोपऱ्यात तो छातीवर बसतो आणि मधोमध गायब होतो. म्हणून चौरस खोलीत ऐन मध्यावर सोफा ठेवू नये. मागच्या भिंतीला टेकवूनही नको. निदान तीन फूट तरी पुढे घ्या. सबवूफरची जागा शोधायची आमची रीत उलटी आहे. सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खालच्या पट्टीतली एखादी धून सुरू करायची आणि भिंतीकडेने कान जमिनीलगत नेत रांगायचं. काही ठिकाणी नुसती घरघर येते, काही ठिकाणी काहीच नाही, आणि एखाद्या ठिकाणी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. तिथे सबवूफर ठेवायचा.

बाकीच्या पाच स्पीकरांची जागा मापाने ठरते. समोरचे डावा-उजवा मध्यापासून तीस-तीस अंशांवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. सराउंड 110 अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या जरासे मागे. सेंटर जमिनीवर ठेवायचा नाही, कारण निम्म्याहून जास्त संवाद तोच बोलतो. त्याचं तोंड बसणाऱ्याच्या चेहऱ्याकडे हवं. मग प्रत्येक स्पीकरचा आवाज बसण्याच्या जागी मीटरवर 75 डेसिबलला आणायचा.

आणि भिंतीपलीकडचा माणूस? वाळूजमध्ये दुपारी दोनला झोपलेला शेजारी आळशी नसतो, तो नाईट करून आलेला असतो. भिंतीला फोम चिकटवला की आवाज बाहेर जात नाही, हा समज मी जमेल तिथे खोडून काढतो. फोम खोलीतली झणझण कमी करतो. आवाज अडवायला वजन लागतं, भरीव भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. ते करूनही जाड आवाज थोडा झिरपतोच. पण आपल्या कानाला टोचणारा 47 हर्ट्झचा उंचवटाच बहुधा शेजाऱ्याचीही झोप मोडतो. जागा बदलून आणि इक्वलायझरने तो उतरवला, की आपला बास स्वच्छ होतो आणि पलीकडची भिंतही निवते. निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे. शेजाऱ्याची पाळी माहीत असेल तर दिवसासुद्धा तिचं भान ठेवावं.

काम झाल्यावर मी 'सैराट' सिनेमाचा शेवट लावतो. त्या प्रसंगात दिग्दर्शकाने आवाज काढून घेतला आहे, त्यामुळे स्पीकरना लपायला जागा उरत नाही. रिसीव्हरचा पंखा, एसीची घरघर, सैल बसवलेल्या पॅनेलची थरथर, सगळं उघडं पडतं. कूलर चालू असेल तर तो प्रसंग अर्धाच पोहोचतो. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मी सांगतो की खोली आधी थंड करून घ्या आणि सिनेमा लागला की एसी सर्वात हळू वेगावर आणा.

शेवटी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोफ्यावर बसवतो आणि आवाज एकेक अंकाने उतरवत जातो. प्रत्येक संवाद त्यांना कळतो आहे असा सर्वात खालचा अंक सापडला, की तो कागदावर लिहून देतो. तो अंक जितका लहान, तितकं माझं काम चांगलं झालं असं मी मानतो. वॅटचा आकडा खोक्यावर छापून येतो. हा आकडा मात्र त्या घरातच, त्या माणसांना बसवूनच काढावा लागतो.